बुडबुडेबाईंची सही

शेडमधल्या एकाही माणसाशी बुडबुडेबाईंचं पटत नव्हतं, आणि शेडमधल्या एकाही माणसाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. सकाळी साडेआठला त्या दारातून आत आल्या की तेलकट पाण्यात साबणाचा थेंब पडावा तसे गप्पांचे घोळके बाजूला फाकायचे. बाई कोणाकडे बघायच्या नाहीत. डबा कपाटात, चष्मा नाकावर, ब्रश पाण्यात. मग दिवसाचं पहिलं वाक्य.

"काल ही ट्रॉली इथे कोणी लावली? त्याच्या घरी जागा नाही का?"

वय बावन्न, उंची बेताची, आणि सगळी वाढ जणू जिभेलाच मिळालेली.

शेडमध्ये एक नवी विजेची गाडी तयार होत होती. गाडीच्या पोटाखाली दाराएवढा चपटा, अॅल्युमिनियमचा खोका बसायचा आणि त्यात बॅटरी. त्या खोक्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, कारण आत चारशे व्होल्ट असतात आणि ते कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. थेंब जाणार की नाही हे ठरवायचं काम बाईंचं. खोक्याला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, हवा सोडणारं पण पाणी न सोडणारं. बाई त्याला लाल बूच मारायच्या, नळीनं आत थोडी हवा भरायच्या, तोटी बंद करायच्या आणि स्टूल ओढून हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर बसायच्या. दहा मिनिटं. काटा घसरला की हवा कुठून तरी निसटते आहे, आणि जिथून हवा बाहेर जाते तिथून पाणी आत येतं. मग झाकणाच्या कडेनं साबणाचा फेस फासायचा आणि बुडबुडा कुठे धरतो ते बघायचं. बुडबुडा आला की बाईंचा चेहरा खुलायचा. त्यांना हसताना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनी ते तेव्हाच पाहिलं होतं.

या सगळ्याच्या आधी एक काम असायचं, जे कुठल्याच कागदावर नव्हतं. उघडा तळहात झाकणावर टेकवायचा आणि मनात पाचापर्यंत मोजायचं. बाईंचे वडील जळालेल्या मोटारींना नव्यानं तार गुंडाळून द्यायचे. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीवर ते असा हात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. खोका गरम लागला तर बाई म्हणायच्या, "निवू दे." गार लागला तर म्हणायच्या, "हा आत्ता खोटं बोलेल." कारण गार खोक्यात भरलेली हवा हळूहळू तापते आणि फुगते. मग एका बाजूनं हवा निसटत असली तरी दुसऱ्या बाजूनं ती फुगत असते, आणि काटा शहाण्यासारखा जागच्या जागी बसून राहतो.

खोक्याचं डिझाइन करणारा माणूस एकतीस वर्षांचा होता आणि भिंतीवर चित्र पाडल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नसे, म्हणून त्याचं नाव स्लाइडसाहेब. तो प्रत्येक वाक्य "बेसिकली" म्हणून सुरू करायचा आणि मधेच कुठेतरी सोडून द्यायचा. आधीच्या खोक्यांच्या झाकणाला अठ्ठेचाळीस बोल्ट होते. साहेबांनी झाकण पातळ केलं आणि बोल्ट छत्तीसवर आणले.

"बेसिकली काय आहे मॅडम, चार किलो वाचले. चार किलो म्हणजे एका चार्जमध्ये गाडी तेवढी पुढे. डेटा आहे आपल्याकडे."

"झाकण कोपऱ्यात उचलतंय."

"तुम्हाला वाटतंय तसं."

"मला नाही, फेसाला वाटतंय."

छत्तीस बोल्टांच्या सहा खोक्यांपैकी पाच बाईंनी परत पाठवले. प्रत्येक वेळी तोच कोपरा, प्रत्येक वेळी द्राक्षाएवढा बुडबुडा. पाचव्या वेळी तर त्यांनी स्लाइडसाहेबांना मीटिंगमधून उठवून आणून तो दाखवला आणि विचारलं, "याचा फोटो लावता का भिंतीवर?"

त्याच आठवड्यात भिंतीवर दुसरंच काहीतरी लागलं. यापुढे बॅटरीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकानं आल्यापासून जाईपर्यंत जाड रबरी हातमोजे घालायचे. नियमात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून बाईंना तो जास्तच झोंबला. मोजे घालून त्यांनी झाकणावर हात ठेवून बघितला. उशीवर ठेवल्यासारखं वाटलं.

आता भावाचं.

ही गाडी चालवून बघणारा चालक बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि दोघं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील गेल्यावर त्यानं दुकान रिकामं केलं आणि तार गुंडाळायचं हातयंत्र भंगारवाल्याला देऊन टाकलं. बाई त्या यंत्रावर वयाच्या नवव्या वर्षापासून बसत होत्या. "विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "भंगारच होतं," तो म्हणाला. त्यानंतर एक अक्षर नाही. पुढे नशिबानं दोघांना एकाच शेडमध्ये आणून घातलं, तेव्हा मधल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे बाई आणि पलीकडे तो, अशी वाटणी आपोआप झाली.

पण कामाचं बोलावं लागायचंच. त्यासाठी स्टोअर सांभाळणारे एक साठीचे गृहस्थ होते, ज्यांना सगळे टपाल म्हणत. टपाल पट्ट्यावर उभे राहायचे, मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"ते म्हणतात, मी फक्त सांगतो हं, माझं काही नाही त्यात, की त्या बाईंना म्हणावं बूच काढलंय का बघा, नाहीतर खोका गुदमरेल."

"त्यांना सांगा, बूच मोजून काढते मी. त्यांनी गाडीची किल्ली मोजावी, गेल्या महिन्यात खिशात घालून घरी गेले होते."

"ते म्हणतात, ते सगळ्या जगाला माहीत आहे."

"सांगा, म्हणूनच सांगतेय."

टपाल एकदा जेवताना म्हणाले होते की या झाकणाला आणि या भावंडांना एकाच माणसानं डिझाइन केलंय, दोन्हीकडे छत्तीसचा आकडा. बाईंनी त्यांना आठवडाभर एक वॉशरसुद्धा मागितला नाही, स्वतःच्या घरून आणले.

शेडचा एक जुना रिवाज होता. जो माणूस गाडीत बसणार, त्याला बसण्याआधी कोणतीही चाचणी आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावण्याचा हक्क. कारण सांगायचं नाही, कोणी विचारायचंही नाही. मोठ्या साहेबांनाही तो मोडता येत नसे. भावानं हा हक्क बाईंनी पास केलेल्या जुन्या खोक्यांवर चार वेळा वापरला होता. चारही वेळा खोका पास. चारही वेळा बाईंनी काट्यासमोरचं स्टूल त्याच्याकडे ढकललं होतं आणि टपालांना म्हटलं होतं, "विचारा त्यांना, चष्मा देऊ का माझा." चौथ्या वेळी अर्धा दिवस वाया गेला म्हणून त्याला वरून बोलणी बसली, आणि त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढे त्या बाईंच्या खोक्याला आपण हात लावणार नाही, त्यांचं तोंड बघावं लागतं त्यात.

मग सातवा खोका आला.

सोमवारी दुपारी स्लाइडसाहेबांच्या माणसानं तो ट्रॉलीवर आणला. झाकण कापडानं स्वच्छ पुसलेलं. बाईंनी मोजे घातलेला हात सवयीनं झाकणावर ठेवला, काही कळलं नाही, काढला. बूच मारलं, हवा भरली. काटा ढिम्म. एक मिनिट, चार मिनिटं, दहा मिनिटं. चांगल्यातला चांगला खोकासुद्धा केसभर तरी घसरतो. हा घसरलाच नाही. इतका गुणी खोका बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना आतून काहीतरी टोचलं, पण स्लाइडसाहेब मागे उभे होते आणि हसत होते, आणि त्या हसण्यापुढे "का कोण जाणे, पटत नाही" म्हणायला बाईंची जीभ वळली नाही. त्यांनी सही केली. जाताना जमिनीवर ओले ठिपके दिसले म्हणून झाडूवाल्याला झापलं.

गुरुवारी दुपारी पुन्हा ओले ठिपके. बाईंनी झाडूवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ठिपके एका रेषेत होते. त्या रेषेमागे चालत गेल्या तर ती थंड खोलीच्या दाराशी संपली. गारठ्यात बॅटरी कशी चार्ज होते ते बघायची ती खोली. दारात आठवा खोका उभा होता, उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा घामेजलेला, आणि साहेबांचा माणूस कापडानं त्याला पुसत होता.

बाईंनी मोजा काढला आणि हात ठेवला. पाचापर्यंत मोजायची गरज पडली नाही.

सातवा खोका एव्हाना गाडीखाली बसलेला होता. शुक्रवारी सकाळी गाडी घेणारे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर ती शेडमागच्या हौदात उतरणार होती. मांडीपर्यंत पाणी, काचा बंद, पाच मिनिटं आत उभी. गाडी पळवून आणली की खोका तापलेला असतो आणि पाणी गार. आतली हवा आकसते आणि जिथे फट असेल तिथून पाणी शोषून घेते. कोपरा कुठला, ते बाईंना तोंडपाठ होतं. वर सीटवर कोण बसणार, तेही.

त्या सरळ स्लाइडसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सातवा खोका थंड खोलीतनं आला होता का?"

"बेसिकली मॅडम, खोके इकडून तिकडे जात असतात, आता प्रत्येकाचा…"

"होता का?"

"नियमात कुठे लिहिलंय खोका कोमट पाहिजे? चहा मागवताय का तुम्ही?"

"माझी सही खोडा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज एकदम प्रेमळ झाला, आणि तो प्रेमळ झाला की समोरच्यानं सावध व्हावं हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"खोडून काय लिहू? मॅडमना आतून वाटलं? आकडा तुम्ही लिहिलाय, सही तुमची. आता म्हणताय की चुकलं. मग ज्या बाईंना गार खोका ओळखू येत नाही त्यांनी त्या स्टुलावर बसावं का, याचाही विचार करावा लागेल. पण तो परवा करू. उद्या पाहुणे आहेत. आणि उद्या तुम्ही पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे यायचं नाही. आपण एक फॅमिली आहोत, बेसिकली."

"फॅमिली मला आहे," बाई म्हणाल्या. "तीच झेपत नाहीये."

मोठे साहेब परगावी गेले होते आणि फोन उचलत नव्हते. बाई घरी आल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, दिवसभर बारीक बघून बघून संध्याकाळी त्याला मोठं काहीच दिसत नसे. पण त्या दिवशी भाजी करपली, तेव्हा त्यानं विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, मधे मधे त्यालाही चार शब्द सुनावत, जणू थंड खोली त्यानंच बांधली होती.

"मग मेहुण्यांना सांग की उद्या बसू नका."

"मी सांगितलं तर तो मुद्दाम बसेल. मी आगीत जाऊ नको म्हटलं तर चपला काढून जाईल. टपालाकडून सांगितलं तर पाहुण्यांदेखत हसेल वर."

"मग बस म्हण," नवरा म्हणाला आणि करपलेली भाजी आणखी वाढून घेतली.

बाईंचा पळीचा हात तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी शेड धुऊन पुसून चकचकीत होती. पाहुणे पांढरी हेल्मेटं घालून दाराशी उभे, स्लाइडसाहेब त्यांना हातवारे करून काहीतरी मोठं होत असल्याचं दाखवत होते. गाडीचं दार उघडं होतं आणि भाऊ सीटवर आडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. बाई पिवळ्या पट्ट्यापाशी आल्या. टपालांनी आपणहून मान पुढे केली. बाई त्यांना वळसा घालून पट्टा ओलांडून गेल्या, तेव्हा टपालांचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांची नोकरी गेल्यासारखं.

"खोका चांगला आहे," बाई म्हणाल्या.

भावानं नाडी सोडली नाही. टपालांकडे बघितलं, ते लांब होते. मग तो स्टिअरिंगला म्हणाला, "कोणी विचारलंय का?"

"सांगतेय. असा खोका मी आजवर बघितला नाही. दहा मिनिटं काटा हललासुद्धा नाही."

त्याचा हात नाडीवर थांबला.

"केसभर पण नाही?"

"केसभर पण नाही. माझी सही आहे."

"तुझी सही," तो म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे बघत होता. "तुझ्या सहीवर मी भाजीपण आणणार नाही."

"नको आणू. बस आणि जा. मागच्या चार वेळी नाक कापून घेतलंस, पाचव्यांदा मागायची छाती नाही तुझ्यात. बाबा म्हणायचेच, हा एकदा ओरडा खाल्ला की गप्प बसतो."

"बाबांना मधे आणू नकोस."

"तू त्यांचं यंत्र भंगारात घातलंस, मी त्यांना मधे आणलं तर कुठे बिघडलं?"

"गंजलेलं होतं ते, ताई. चाक फिरत नव्हतं. बाबा गेल्यावर दोन वर्षांत एकदा तरी आलीस का बघायला?"

"तेल घातलं असतं तर फिरलं असतं."

"तू यायचंस मग तेल घेऊन."

आवाज चढले. पाहुण्यांची हेल्मेटं एकसाथ वळली. स्लाइडसाहेब हसरा चेहरा तसाच धरून घाईनं आले. "काय आहे, बेसिकली घरगुती… मॅडम, तुम्हाला सांगितलं होतं ना. चला, गाडी घ्या."

भाऊ गाडीतून उतरला. नाडी तशीच लोंबत होती. तो साहेबांशी बोलला, पण बघत बहिणीकडे होता.

"खोका पुन्हा तपासा. माझ्यासमोर."

"आत्ता?"

"मी बसणार आहे. मी मागतोय."

"अहो, पाहुणे…"

"त्यांनापण दाखवा. या बाई म्हणतायत की काटा हलत नाही. मला बघायचाय तो न हलणारा काटा."

रिवाज होता. कारण विचारायचं नव्हतं. गाडी उचलली, बूच मारलं, हवा भरली. खोका गाडीखाली तीन दिवस राहून शेडइतकाच कोमट झाला होता. आता त्याच्यात खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. बाईंनी स्टूल ओढलं, पण त्यावर बसल्या नाहीत. दोन मिनिटांत काटा घसरायला लागला आणि घसरतच राहिला. बाईंनी ब्रश घेतला आणि एका पाहुण्याला म्हणाल्या, "सरका जरा," आणि सरळ त्या कोपऱ्याला फेस लावला. बुडबुडा आला. या वेळी लिंबाएवढा.

बाई हसल्या नाहीत.

"या खोक्यावर सही कोणाची आहे?" एका पाहुण्यानं विचारलं.

"माझी," बाई म्हणाल्या. "गार खोका तपासला मी. गार का होता ते यांना विचारा."

पाहुण्यांनी विचारलं. स्लाइडसाहेब "बेसिकली" म्हणाले आणि चित्र पाडायला भिंत शोधू लागले.

दुपारी पाहुणे परत गेले. चारच्या सुमाराला बाईंची सही काढून घेतल्याचा कागद आला. चाचणी दुसरं कोणी करेल, फेस फासायचं काम मात्र बाईंकडेच राहील, कारण ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. आधी टाक्यांवर, मग खोक्यांवर, तेवीस वर्षं त्या सही करत होत्या. कागद त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि आणणाऱ्याला म्हणाल्या, "यात दोन चुका आहेत शुद्धलेखनाच्या."

पुढच्या आठवड्यात झाकणाला पुन्हा बोल्ट वाढवले. अठ्ठेचाळीस केले असते तर बाई बरोबर ठरल्या असत्या, म्हणून चव्वेचाळीस. स्लाइडसाहेबांनी भिंतीवर नवीन चित्र लावलं, 'सातव्या खोक्यानं आपल्याला काय शिकवलं', आणि त्यात थंड खोली कुठेच नव्हती. नवा आठवा खोका ट्रॉलीवर आला तेव्हा बाई आपल्या कोपऱ्यात ब्रश घेऊन उभ्या होत्या. नव्या तपासणाऱ्यानं मोजे सावरत नळी जोडायला घेतली. तेवढ्यात पट्ट्यापलीकडून भाऊ आला. त्यानं मोजा काढून काखेत धरला, तळहात झाकणावर टेकवला आणि छताकडे बघत राहिला. ओठ जरा हलत होते. पाचापर्यंत.

"कोमट आहे," तो छताला म्हणाला आणि निघून गेला.

थोड्या वेळानं टपाल आले. पुन्हा कामावर रुजू झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"ते म्हणतात, मी फक्त सांगतो हं, की त्या बाईंना म्हणावं, जन्मात पहिल्यांदा खोक्याला चांगलं म्हणालात, तेही दात आवळून. शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं."

बाईंनी ब्रश झटकला. "विचारा त्यांना, कळलं होतं तर मग पाहुण्यांदेखत माझ्याशी भांडत कशाला बसले?"

टपाल पट्ट्यापर्यंत गेले, मान वळवली, ऐकलं आणि परत आले.

"ते म्हणतात, आठ वर्षांचं साठलं होतं."

बाईंनी ब्रश फेसात बुडवला आणि कोपऱ्यातल्या पहिल्या बोल्टापासून सुरुवात केली.

"सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "माझं अजून संपलेलं नाही."